सदर वेड पूर्वलक्षी प्रभावाने लागू नाही

मुरबाडहून माळशेज घाटाकडे जाताना वैशाखरे गाव लागतं. त्या गावाच्या वरच्या अंगाला एक पाडा आहे. तिथे राहणाऱ्या जिवली लडकू मेंगाळ या बाईंना एका वर्षी भाताची आवणी उरकल्यापासून झोप येईनाशी झाली. झोप न येणे ही बाब कोणत्याही खात्याच्या अखत्यारीत येत नाही. पाणी आलं नाही तर पाणीपुरवठा, रेशन आलं नाही तर पुरवठा शाखा. निदान हेलपाटे कुठे घालायचे एवढं तरी माणसाला ठाऊक असतं. झोपेचं तसं नाही.

मी महिपत टायपिस्ट. कचेरीच्या फाटकासमोर आंब्याखाली माझं टेबल आहे आणि त्यावर एक टाइपरायटर आहे, ज्याचा 'र' जरा वर उडतो. कोणती कचेरी ते विचारू नका. साहेब बदलून जातात, कचेरी राहते, आणि मला उद्याही तिथंच बसायचं आहे. गोष्ट नव्व्याण्णव सालच्या आसपासची, म्हणजे टाइपरायटरला अजून थोडा मान होता तेव्हाची.

जिवलीचा नवरा लडकू पहिल्यांदा माझ्याकडे आला तो श्रावणात. पायात चिखल, हातात छत्री, चेहरा रडवेला.

"महिपतदादा, एक अरज लिवून द्या. जिवली झोपाया पायजे."

"कोणाच्या नावाने लिहू?"

"जो कोन झोप देतो त्याच्या."

मी कागद चढवला होता तो परत काढला. म्हटलं, बस, आधी नीट सांग.

तर प्रकार असा होता. जिवलीच्या कानात माणसं बोलायची. दिसायचं कोणी नाही, बोलायची मात्र दिवसरात्र. तू वाईट आहेस, जेवू नकोस, तुझ्या भाकरीत काय कालवलंय बघ. ती बिचारी त्यांना उलट उत्तरं द्यायची, हात जोडायची, रडायची. चुलीपुढे बसून "गप बसा, मला झोपू द्या" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणायची. पंचविशीतली हसरी पोर, शेतात आवणीला गाणं उचलायची ती, आणि आता ब्लाउज खांद्यावरून घसरत होता.

असं झालं की घरात दोन तट पडतात. इथे पडले नाहीत, कारण लडकूची आई अंबूबाई हिने पहिल्याच दिवशी निकाल दिला: "सूनंच्या अंगात वारं आलाय." अंबूबाईचा निकाल पाड्यावर अंतिम असतो, अपील नाही.

त्यातच शेजारच्या हौसाची शेळी हरवली. हौसा येऊन जिवलीपुढे बसली, "गो बाय, माझी शेळी कुठं गेली गो?" जिवली आपल्या कानातल्या माणसांवर ओरडत होती, "व्हा खाली! वहाळात जावा सगळी!" हौसा वहाळात उतरली. शेळी तिथे पाणी पीत होती. त्या पाड्यावरची प्रत्येक शेळी दुपारी वहाळातच पाणी पिते, दुसरीकडे पाणीच नाही. पण हे शेळी सापडल्यावर कोण लक्षात घेतो? झालं! मंगळवारी आणि शुक्रवारी रांग लागायला लागली. नारळ, अगरबत्ती, हळद-कुंकू. पुढे तर एस.टी.चा कंडक्टर वैशाखऱ्याला उतरणाऱ्यांना विचारायचा, "देवीला का?"

आणि देवी सांगायची काय? तर "गप बसा" आणि "झोपू द्या". बस्स, दोनच वाक्यं. पण अर्थ लावणारा शहाणा असला की दोन वाक्यांत राज्यघटना लिहिता येते. एका ग्रामसेवकाची चौकशी चालू होती. त्याला देवी म्हणाली, "गप बसा." तो गप बसला. चौकशीही गप बसली. चौकशा बसतातच हो, त्यासाठी देवी लागत नाही! पण त्याने येऊन साडी नेसवली आणि जिल्हा परिषदेपर्यंत बोभाटा केला.

लडकूला या मानपानाचं काही सुख नव्हतं. माणसं आली की जिवली आणखी घाबरायची, कानातल्यांना बाहेरचे येऊन मिळाले असं तिला वाटायचं. तो तिला घेऊन धोंडी भगताकडे गेला. धोंडीने तिला पाहिलं, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या, मग लडकूला बाजूला घेतलं.

"लडकू, खरं सांगू? या वाऱ्याला माझा अंगारा लागायचा नाय. पोरीला डाक्टरकडं ने."

साऱ्या तालुक्यात वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणारा हा एकच इसम निघाला. त्याचं गिऱ्हाईक जिवलीकडे वळलं होतं म्हणून निघाला, हे खरं. पण निघाला.

लडकू सरकारी डॉक्टरांकडे गेला. डॉक्टर म्हणाले, ही मनाच्या आजाराची केस आहे, हिला मनोरुग्णालयात घालावं लागेल. आणि तिथे घालायचं तर मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागतो, दोन डॉक्टरांचे दाखले लागतात. कायदाच आहे तसा. जा, आधी अर्ज करा.

म्हणून स्वारी माझ्या टेबलाशी. मी अर्ज ठोकला. मेहेरबान न्यायदंडाधिकारी साहेबांचे सेवेशी, अर्जदार लडकू मेंगाळ, धंदा शेती, सविनय सादर करतो की अर्जदाराची पत्नी हिचे चित्त ठिकाणावर नसून, सबब तिला औषधोपचारार्थ दाखल करून घेणेबाबत हुकूम व्हावा. वाचून दाखवला. लडकूने विचारलं, "यात झोप कुठं हाय?"

"झोप 'सबब' मध्ये आहे," मी म्हटलं.

आता हवे होते दोन दाखले. डॉक्टर म्हणाले, रुग्ण पाहिल्याशिवाय दाखला देणं नियमात बसत नाही, मी स्वतः पाड्यावर येतो. लडकूला काय आनंद झाला! एवढा मोठा माणूस चिखलातून वर येतो म्हणजे काय! जीप वैशाखऱ्याला ठेवून डॉक्टर चढण चढून आले. जिवलीपुढे मांडी घालून बसले. स्टेथोस्कोप गळ्यातच होता. इकडे तिकडे पाहून हळूच विचारलं:

"बाई, माझी बदली ठाण्याला होईल का?"

जिवली म्हणाली, "झोपू द्या."

डॉक्टर उठले ते खुशीत. वाटेत लडकूला समजावत होते, "म्हणजे बघ, निवांत झोपायला मिळेल अशी पोस्टिंग. ठाणेच."

"आणि सायेब, दाखला?"

डॉक्टर थांबले. आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मी लडकूच्या तोंडून जसंच्या तसं ऐकलं आहे. ते म्हणाले, "लडकू, तू शेतकरी माणूस, तुला समजेल. मी हिला आज वेडी ठरवली तर हिने मला सांगितलेलं काय ठरलं? वेड्याचं बोलणं. म्हणजे माझी बदली माझ्याच सहीने रद्द. तसं करून चालेल? ऑर्डर हातात पडू दे. लगेच सही करतो."

मला हे ऐकून इतका राग आला, की मी एका वारसाच्या अर्जात मयताला हयात करून टाकलं. पण तर्क म्हणून पाहा हो, खोट काढायला जागा नव्हती.

मी म्हटलं, लडकू, दुसरा रस्ता आहे. पोलीस. बेवारस फिरणारा किंवा धोकादायक वेडा दिसला तर पोलीस त्याला ताब्यात घेऊन मॅजिस्ट्रेटपुढे उभा करू शकतात. गेलो आम्ही फौजदारांकडे. मीही गेलो, कारण फौजदार अर्ज वाचत नाहीत, ऐकतात.

"बाई फिरते का?" फौजदार.

"नाय सायेब, घरातच असते."

"मग बेवारस नाही. कोणाला मारलं?"

"नाय."

"दगड? कोयता? निदान चावली?"

"सायेब, ती जेवत नाय. चावल कशी?"

"मग धोका कोणाला?"

"तिलाच," लडकू म्हणाला. "तिला हाय धोका. दोन-तीन महिन्यांत सुकून काटकी झाली."

फौजदारांनी पेन ठेवलं. असा कॉलम नव्हता. मग खुर्ची पुढे ओढून, आवाज उतरवून विचारलं, "शुक्रवारी फार गर्दी असते का रे? आमच्या प्रमोशनचं जरा विचारायचं होतं."

फौजदार शुक्रवारी गेले. देवी त्यांना म्हणाली, "गप बसा." ते तेव्हापासून लडकूच्या प्रकरणात गप बसले.

अशा रीतीने बाईचं वेड सिद्ध करू शकणारा प्रत्येक अधिकारी तिच्या शहाणपणावर अवलंबून राहिला. कोणाची बदली, कोणाची बढती, कोणाच्या मुलीचं स्थळ, कोणाचा खर्डी स्टेशनजवळचा बिनशेती प्लॉट. जो तो म्हणे, माझं तेवढं होऊ दे, मग हवं तिथं सही करतो. सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण लडकूने आधी ऐकली होती. पण देवी सरकारजमा होईल असं त्याला वाटलं नव्हतं.

एकदा तो माझ्या टेबलाशी येऊन नुसता बसला. मी चहा मागवला, तो पिईना.

"काय रे?"

"काल मला वळखली नाय तिनं," तो म्हणाला. "पानी द्याया गेलो तं म्हंते, तू पन त्यांच्यातलाच. दादा, मी त्यांच्यातला हाय का ओ?"

मी त्या दिवशी दुसरं गिऱ्हाईक घेतलं नाही. रागारागाने स्मरणपत्र टाइप केलं, मग स्मरणपत्राचं स्मरणपत्र. ती जाऊन आधीच्या अर्जाखाली पडली.

दिवाळीनंतर पंचायत समितीच्या निवडणुकीचे वारे सुरू झाले आणि हरेशशेठ उभे राहिले. हरेशशेठ दर वेळेला उभे राहतात. वैशाखऱ्यापासून पाड्यापर्यंतचा रस्ता हे त्यांचं वचन. ते वचन ते मोडत नाहीत, जपून ठेवतात, पुढच्या निवडणुकीला कोरं करकरीत बाहेर काढतात. या वेळी त्यांच्या माणसांनी सल्ला दिला, शेठ, देवीचा जाहीर आशीर्वाद घ्या. दोन तालुके मानतात तिला.

लडकूच्या अंगणात मांडव पडला. जनरेटर आला. लाउडस्पीकर चिंचेला बांधला. लडकूने हात जोडून सांगितलं, "शेठ, आवाज नको ओ, तिला आवाज सोसत नाय." शेठ म्हणाले, "आपल्या घरचं कार्य आहे, आवाज नको कसा?" पहिल्या खुर्च्यांवर डॉक्टर, फौजदार, आमच्या कचेरीचे साहेब. अंबूबाई नवीन लुगड्यात. मी मागे उभा होतो. फुकटचा चहा कोण सोडतो?

जिवलीला धरून आणलं. हिरवी साडी, कपाळभर मळवट, आणि डोळे असे खोल गेलेले, की पाहवत नव्हतं. शेठनी तिला शाल पांघरवली. नारळ दिला. मग माइक तिच्या तोंडापुढे धरून गर्दीला ऐकू जाईल असं विचारलं:

"आई, या वेळेला आम्ही येणार ना?"

लाउडस्पीकर किंचाळला. जिवली दचकली. कानावर हात ठेवले. मग हात काढले आणि शेठकडे पाहिलं. या पोरीला स्वतःचा नवरा ओळखू येत नव्हता; पण शेठना तिने ओळखलं.

"तू?" ती माइकमध्ये म्हणाली. "तू येशील रे. दर येळेला येतो. दर येळेला तोच रस्ता देतो नि घेऊन जातो. आता तरी गप बस नि मला झोपू दे!"

पाडाभर आवाज घुमला. मग मांडवात हसू फुटलं, आधी बायकांत, मग पोरांत, मग सगळीकडे. हौसा तर तोंडाला पदर लावून वाकली. शेठनी हसत हसत माइक आणखी पुढे केला, "आई रागावली, आई रागावली—" आणि जिवलीने नारळ फेकला. तो शेठच्या खांद्याला लागून साहेबांच्या मांडीवर पडला.

आणि तिचं वेड सिद्ध झालं.

आमची शासनव्यवस्था मंद आहे असं जे म्हणतात, त्यांनी ती दुपार पाहायला हवी होती. जीप होती, फौजदार होते, धोका कोणाला हा कॉलम भरला होता. डॉक्टर होते. दुसरा दाखला द्यायला शेठचे भाचे डॉक्टर शहापूरहून गाडी घालून आले. मला मांडवातून उचलून माझ्या टाइपरायटरपुढे आणून बसवलं. जे कागद चार महिने हलले नव्हते, ते साहेबांची मांडी दुखायची थांबायच्या आत तयार झाले. मॅजिस्ट्रेटसाहेबांपुढे सगळं नियमाप्रमाणे गेलं. बाईची अवस्था त्यांना दिसत होती, दाखले समोर होते, त्यांनी हुकूम दिला. त्यांना कोण काय म्हणणार?

फक्त डॉक्टर दाखला सांगताना मध्येच अडले. घाम पुसला. मला म्हणाले, "महिपत, जरा थांब. हिला आज वेडी म्हटलं, तर आधीचं सगळं..."

फौजदारही पुढे सरकले. आमचे साहेबही मांडी चोळत आले. प्रश्न गंभीर होता. आजवर दिलेल्या आशीर्वादांचं काय? शेवटी डॉक्टरांना मार्ग सुचला आणि त्यांनी मला जे सांगितलं, ते मी माझ्या हाताने टाइप केलं आहे:

"सदर रुग्णाचा आजार आज रोजी दुपारी उद्भवलेला असून तत्पूर्वी रुग्ण पूर्णतः शुद्धीवर होती. सदर वेड पूर्वलक्षी प्रभावाने लागू नाही."

तिघांनी एकमेकांकडे पाहून मान डोलावली. असं सुटकेचं हसू मी त्या कचेरीत पेन्शन मंजूर झालेल्या माणसाच्या तोंडावरही पाहिलं नाही.

लडकूला कळेना रडावं की हसावं. जे त्याने चार महिने मागितलं ते एका दुपारी मिळालं होतं, आणि त्याच्या बायकोला दोन पोलीस बायका दंडाला धरून जीपमध्ये चढवत होत्या. ती ओरडत होती. तो जीपमागे पळायला लागला. मी फौजदारांना म्हटलं, "साहेब, नवरा आहे हो तो, घ्या की आत!" तेव्हा कुठे त्याला आणि मला मागे बसवलं.

मनोरुग्णालय मोठं होतं, झाडंच झाडं. आत एक डॉक्टरीणबाई होत्या, डॉ. सरिता. दमलेल्या होत्या, पण ओरडल्या नाहीत, एवढ्यानेच मी घाबरलो. त्यांनी जिवलीला खाटेवर बसवलं, पाणी दिलं, पोलिसांना बाहेर काढलं. बराच वेळ तिच्याशी बोलत राहिल्या. काय बोलल्या ते माहीत नाही, पण जिवलीने त्यांच्या हातून गोळी घेतली. मग त्या बाहेर आल्या आणि त्यांनी दाखला वाचला. परत वाचला.

"आजार आज दुपारी सुरू झाला?"

"हो," फौजदार म्हणाले.

"नाय बाय," लडकू म्हणाला. "आवणीपासून."

"कागदावर दुपार आहे, आणि अंगावर चार महिन्यांची हाडं आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "इतके दिवस काय करत होतात?"

"हुकूम मागत व्हतो."

"कशाला हुकूम?"

लडकूने माझ्याकडे पाहिलं. मी पुढे होऊन सगळा कायदा सांगितला. माझा आवाज खणखणीत आहे, फौजदारसुद्धा ऐकतात. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"हुकूम कोंडून ठेवायला लागतो हो. औषधाला नाही लागत. हा माणूस हिला हाताला धरून पहिल्याच आठवड्यात ओपीडीत घेऊन आला असता, तर गोळ्या घेऊन संध्याकाळच्या गाडीने दोघं घरी गेली असती."

"ओपीडी कुठं असते?" लडकूने विचारलं.

"फाटकातून आत आलं की डाव्या हाताला."

"तिथं कागद काय लागतो?"

"काहीच नाही. माणूस लागतो."

लडकूने वळून फाटकाच्या डाव्या हाताला पाहिलं. मी पायांकडे बघत राहिलो. फौजदार मात्र शांत होते. ते म्हणाले, "बघा, शेवटी योग्य ठिकाणीच आलो ना?"

दोन दिवसांनी लडकू परत गेला. वॉर्डातली आयाबाई भागीरथी, तिला त्याने दारातूनच विचारलं, "झोपली का?"

"झोपली म्हंजे? जेवायला उठवायची पंचाईत," भागीरथी म्हणाली. "घोरते!"

हे मला सांगताना लडकू माझ्या टेबलाशी उभा राहून ढसाढसा रडला. चार माणसं बघत होती. मी त्यांना म्हटलं, काय बघता, बायको घोरते त्याची.

पंधरवडा, महिना गेला. कानातली माणसं आधी लांबून बोलायला लागली, मग अधूनमधून, मग नाहीच. जिवलीच्या गालावर मांस दिसायला लागलं. इकडे तालुक्यात मात्र हळहळ होती. मंगळवार सुने, शुक्रवार सुने. बदल्यांचा मोसम जवळ आला होता. शेवटी एक शिष्टमंडळ मनोरुग्णालयात गेलं. डॉक्टर होते, फौजदार होते, आमचे साहेब होते, चढण उतरून अंबूबाईही होती. मला निवेदन लिहायला नेलं होतं.

"आमची हरकत नाही," साहेब म्हणाले. "बाईंना बरं करा. शासनाचं धोरणच आहे ते. फक्त जनभावना लक्षात घेता, दोन वार, मंगळवार आणि शुक्रवार, गोळी बंद ठेवता येईल का?"

डॉ. सरितांनी त्या सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. ती नजर मला ओळखीची वाटली. जिवलीला पहिल्या दिवशी त्या अशाच बघत होत्या.

"तुमच्यापैकी कोणाला हे बरेच दिवस वाटतंय का?" त्यांनी विचारलं. "बसा ना. घाई नाही."

शिष्टमंडळ उभ्या उभ्या परतलं. माझं निवेदन पिशवीतच राहिलं.

जिवली घरी आली ती होळीच्या आधी. लडकूने अंगण सारवून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता, रांग हजर. हौसाची पुन्हा शेळी हरवली होती. जिवली दारात आली, हसली, म्हणाली, "वहाळात बघा ना, दुसरीकडं कुठं जाईल ती?" हौसाचं तोंड पडलं. हे तर तिलाही माहीत होतं. मागून कोणी बदलीचं विचारलं, कोणी स्थळाचं. जिवली सगळ्यांना एकच म्हणाली, "मला काय म्हाईत? तुमचं तुमी बघा." आणि आत जाऊन भाकऱ्या थापायला बसली.

दुपारपर्यंत रांग मोडली. आणि संध्याकाळपर्यंत पाड्यावर नवीन निकाल लागला. सकाळ-संध्याकाळ गोळ्या खाते. म्हणजे वेडी आहे.

खोटं नाही सांगत. ज्या बाया तिच्या पाया पडायच्या, त्या आता पाणवठ्यावर हंडा बाजूला ओढून घ्यायला लागल्या. वैशाखऱ्याला रंगूच्या पोरीची हळद होती, सगळ्या पाड्याला आमंत्रण, लडकूला निरोप की तू एकटाच ये. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. इथे वैद्य मरो राहिलं बाजूला, वैद्य बरा झाला म्हणून गुन्हा! एकट्या धोंडी भगताचं भलं झालं. गिऱ्हाईक परत आलं, आणि त्याचा वैज्ञानिक दृष्टिकोन गेला.

त्यानंतर लडकू एकदा कचेरीत आला. म्हणाला, "दादा, एक अरज लिवून द्या."

"आता कशाचा?"

"जिवली शानी हाय म्हून दाखला पायजे. ती आजारी व्हती तवा लोकं तिच्यापुढं डोकी टेकत व्हती. आता बरी हाय तं लांबून जातात. मी किती जनांना सांगू?"

"शहाणपणाचा दाखला कोणी देत नाही रे," मी म्हटलं. "वेडाचाच देतात."

"मंग इतकी शानी मानसं फिरतात ती कशावर?"

मी टाइपरायटरवर चढवलेला कागद परत काढला. मग म्हटलं, "ती झोपते ना?"

"झोपते," तो म्हणाला, आणि हसला. "मला हालवून उठवते, म्हंते तुमी घोरता."

"मग जा घरी."

तो गेला. गोष्ट संपली.

आता तुम्ही. मघापासून पाहतोय, तुम्ही काहीतरी विचारायला टपला आहात. तिच्या झोपेचं तुम्हाला पटलं, लडकूबद्दल वाईट वाटलं, हरेशशेठना मनातून दोन शिव्या घातल्या. सगळं सोडून तुमच्या जिभेवर एकच प्रश्न आहे: त्या डॉक्टरांची ठाण्याला बदली झाली का? फौजदारांना बढती मिळाली का? म्हणजे, नुसतं आपलं विचारून ठेवायचं म्हणून.

ओपीडी मंगळवारी आणि शुक्रवारी असते. फाटकातून आत गेलं की डाव्या हाताला. कागद लागत नाही.